काकवीचा रिकामा पिंजरा

१

काकवी नाहीशी होण्यात सगळ्यात मोठा फायदा बन्सीचा होता. साखर कारखान्यात हंगामभर रातपाळी करणारा माणूस. सकाळी घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकतो न टेकतो, तोच भिंतीपलीकडून काकवी, शेजारचं कुत्र्याचं पिल्लू, गळा काढायचं. पिल्लू गेलं की बन्सीच्या पदरात झोप. दुसरा फायदा सोसायटीचे सेक्रेटरी गोरक्षनाथनाना यांचा. पिल्लापाठोपाठ त्याची भाडेकरू मालकीणही रुसून गेली, तर ती जागा नानांच्या जावयाला मिळणार होती, आणि सध्या नानांच्याच सोफ्यावर पाय पसरून बसलेला जावई एक मजला खाली जाणार होता. तिसरा फायदा शेजारच्या मालनबाईंचा. पण आपला फायदा नेमका कशात आहे, हे मालनबाई दर आठवड्याला नव्यानं ठरवत.

हा हिशेब सहादेवतात्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून मांडला आणि लगेच उठून उभे राहिले. हिशेब जुळला की त्यांना बसवत नसे, आणि नाही जुळला तर त्याहून बसवत नसे. तात्यांची हयात एसटीत तिकीट तपासण्यात गेली होती. बसमध्ये पाय ठेवल्याबरोबर बिनतिकिटाचा माणूस आपण ओळखायचो, असं ते सांगत. निवृत्त झाल्यापासून जरा जास्तच सांगत.

श्रीरामपूरच्या त्या तीन मजली अपार्टमेंटात तात्या तळमजल्यावर राहत. त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, माधुरी साळवे. ती एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची. नवरा महेंद्र नागापूरच्या एमआयडीसीत, सुट्टीपुरता घरी. हिवाळ्याच्या सुरुवातीला ऊसतोडीची एक टोळी पालं उचलून पुढच्या फडावर गेली आणि रस्त्याच्या कडेला काकवीच्या रंगाचं एक पिल्लू मागं राहिलं. माधुरीनं ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. पिल्लू मादी होतं, म्हणून नाव काकवीच ठेवलं. चवीला गोड आणि हाताला चिकट, दोन्ही बाबतींत नाव शोभलं.

दिवसा माधुरी कामावर, म्हणून तिनं लोखंडी जाळीचा पिंजरा आणला. पिंजरा बघून मालनबाईंनी कपाळाला हात लावला होता.

"अगं, ह्यो काय पोपट हाय का?"

"मावशी, ती तिची खोली आहे," माधुरीनं समजावलं होतं. "आत जेवायला द्यायचं, गप्प बसली की लाड करायचे. एकच नियम. रडत असताना दार उघडायचं नाही. उघडलं की तिच्या डोक्यात बसतं, रडलं की दार उघडतं."

पहिले काही दिवस काकवी भराभर शिकली. आपण होऊन आत जाई, तोंड पायांवर टेकून झोपे. मग कुठं काय बिनसलं कोण जाणे. माधुरी घरात असली की शहाणी, आणि माधुरी कामावर गेली की सकाळी एकदा आणि दुपारच्या तोंडाला एकदा असा काही सूर लावी की खालच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं विचारलं, वर कुणी गेलं का?

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार झाली. पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये निकाल लागणार होता. पण माधुरीनंच आदल्या दिवशी हात टेकले. देवळाली प्रवऱ्याला तिच्या मामाचं उसाचं रान होतं. शनिवारी दिवस मावळायच्या आत मामा टेम्पो घेऊन येणार आणि काकवीला घेऊन जाणार, असं ठरलं. सकाळी कामावर जाताना माधुरीनं ही गोष्ट जिन्यात मालनबाईंना सांगितली, म्हणजे ती अपार्टमेंटात सगळ्यांना कळली.

आणि त्याच शनिवारी दुपारी माधुरी जेवायला घरी आली, तर दाराला कुलूप जसंच्या तसं, पिंजऱ्याच्या दोन्ही कड्या लावलेल्या, वरून पांघरलेली जुनी साडीसुद्धा नीट चारी बाजूंनी सोडलेली. आत पिल्लू नाही.

तात्या उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. बन्सी, नाना, मालनबाई. तिघांनाही जे हवं होतं ते दिवस मावळायच्या आत आयतं मिळणारच होतं. मग दुपारी चोरी कशासाठी?

२

"चोरी कसली?" गोरक्षनाथनाना म्हणाले. "हिनंच लपवलंय."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सगळे गोळा झाले होते. माधुरीच्या अंगावर अजून दवाखान्याचा पांढरा कोट होता.

"नाना, मी कशाला लपवीन? मीच मामाला बोलावलंय ना."

"बोलावलंस आणि मन फिरलं. टेम्पो रिकामा परत गेला की आठ दिवसांनी पिल्लू परत हजर. मी हे सोसायटीत वीस वर्षं बघतोय."

"कुत्री बघताय?" तात्यांनी विचारलं.

"माणसं, तात्या." नानांनी मोबाईल खिशात टाकला. "सगळी घरं बघू. सापडलं तर टेम्पोत चढवू. नाही सापडलं तर उद्याच्या मीटिंगमध्ये हिनं जागेची चावी टेबलावर ठेवायची. मालकाशी माझं बोलणं झालंय."

झडती सुरू झाली. नाना पुढं, तात्या मागं, मालनबाई दोघांच्या मधून. माधुरीचं घर पाहिलं, कपाटं, माळा, बाथरूम. मालनबाईंचं पाहिलं. त्यांनी स्वतःच पलंगाखालच्या पेट्या ओढून काढल्या आणि त्या निमित्तानं नातवाच्या बारशाचे फोटोही दाखवले. नानांच्या घरी जावई सोफ्यावरून उठला नाही, म्हणून सोफ्याखाली वाकून बघावं लागलं. गच्ची, पाण्याच्या टाक्या, जिन्याखालची सायकलींची जागा, सगळं झालं.

बन्सीच्या दारात त्याची बायको रेश्मा ओठांवर बोट ठेवून उभी होती. ती अंगणवाडीत मदतनीस, आत्ताच परत आलेली.

"हळू. रातपाळी करून आलेत."

तेवढं पुरे होतं. कारखान्याच्या आसऱ्यानं वाढलेल्या वस्तीत रातपाळीच्या माणसाची झोप म्हणजे सोवळ्यातलं पाणी. कुकरची शिट्टी हातानं उचलून धरायची, पोरांना खाली पिटाळायचं, भंगारवाल्यानं त्या दारापुढं गप्प राहून पुढच्या दारापुढं ओरडायचं. नानांसारख्या माणसानंही दारात चपला काढल्या. सगळे चवड्यांवर स्वयंपाकघर बघून आले, मोरी बघून आले. आतल्या खोलीत बन्सी भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून गोधडी घेऊन घोरत होता. घोरणं मोठं होतं आणि त्याच्या शेपटाला एक बारीक शिट्टी. नानांनी पलंगाखाली बॅटरी मारली, रिकामी ट्रंक आणि चपलांचा एक जोड दिसला. सगळे तसेच चवड्यांवर बाहेर आले.

"बन्सीचं नाक लई शिट्टी मारतंय, डॉक्टरला दावलं का?" मालनबाईंनी बाहेर येऊन कुजबुजत विचारलं.

"कसली शिट्टी?" रेश्मा म्हणाली.

"काही नाही मिळालं," नानांनी जाहीर केलं. "म्हणजे मी म्हणालो तेच."

सगळे पांगले. माधुरी पायरीवर तात्यांच्या शेजारी बसली.

"तात्या, सापडली तरी ती जाणार," ती म्हणाली. "आणि नाही सापडली तर मी जाणार."

३

तात्यांना पिंजरा बघायचा होता. माधुरीनं दार उघडलं आणि दाराशीच थांबली, तिला आत जाववेना.

तात्यांनी पिंजऱ्यापुढं बसून साडी वर केली, कड्या काढल्या, लावल्या. वरची कडी जड होती, जरा उचलून मग सरकवावी लागे. पहिल्यांदा त्यांना ती जमली नाही, अंगठ्याची सालटी निघाली. घाईत आलेला चोर पिल्लू काखेत मारील आणि पळेल. ज्यानं हे पिल्लू नेलं त्यानं काखेत पिल्लू धरून एका हातानं दोन्ही अवघड कड्या परत लावल्या आणि साडी सारखी केली. हे चोराचं काम नव्हतं. हे रोजच्या हाताचं काम होतं.

"कुलपाची चावी कुणाकडं असते?"

"मालनमावशींकडं. म्हणजे सगळ्यांकडंच."

तात्यांना हे ठाऊक होतं, स्वतःची चावीही तिथंच होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. म्हणून कामावर जाणारे लोक चाव्या मालनबाईंच्या दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवून जात. पाणी आलं की जो घरी असेल तो खिळ्यावरची चावी घेऊन ज्याची त्याची टाकी भरे. कुलूप लावायचं आणि चावी बाहेर टांगायची, असा तो कारभार होता. चावीवरून काही निघणार नव्हतं.

तात्या उठताना पिंजऱ्याच्या तळाच्या प्लॅस्टिकच्या ट्रेवर हात टेकून उठले. ट्रे वाजला. थप.

ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. पुन्हा हात आपटला. थप, थप, थप.

"काय झालं तात्या?"

"हा आवाज मी रोज ऐकतो. माझ्या डोक्यावर. मला वाटायचं तुझं धुण्याचं मशीन."

"माझ्याकडं मशीन नाही."

"तेच म्हणतोय."

रोज सकाळी खाली बन्सीची मोटरसायकल आली की वरून आधी हा आवाज यायचा, आणि मग काकवीचा सूर. लोक म्हणत, त्या गाडीचा तिला राग आहे. तात्यांनीही मान डोलावली होती. पण ट्रेवर थपथप वाजतं ते शेपूट. आणि रागावलेलं कुत्रं शेपूट हलवत नाही.

एरवी चालतात त्याहून भराभर ते मालनबाईंच्या दारात पोचले. वाट बघत असल्यासारख्या मालनबाई दारातच होत्या. उद्याच्या चर्चसाठी पांढरं लुगडं इस्त्री करायचं चाललं होतं.

"या, चौकशीला माझ्याकडंच आलात व्हय? लोकांनी माझं नाव घेतलंच आसंल."

"नाव कुणी घेतलं नाही अजून. तुमची काय तक्रार होती पिल्लाबद्दल?"

"माझी? मी बायबल वाचायला बसले की त्ये सूर लावायचं. मंग मी वरच्या पट्टीत वाचायचे. मंग त्ये अजून वर. देवाला कुनाचं ऐकू गेलं आसंल त्यालाच ठावं."

"रोज ओरडायचं?"

"रोज. न्हाई, थांबा. मधी बन्सी मेव्हण्याच्या लग्नाला सोनईला गेल्ता ना, तव्हा दोन दिस काय बी आवाज न्हाई. मला वाटलं, मेलं का काय. चावी घेऊन बघून आले. झोपलं हुतं, चांगलं ढाराढूर."

"आणि एरवी? सकाळचं ओरडणं किती चालायचं?"

"रेश्मा अंगणवाडीला गेली की गप व्हायचं. तिचा पाय वाजला जिन्यात की इकडं चिडीचूप. म्या म्हनलं बी तिला, तुझ्या पायगुनानं थांबतंय बघ. तर ती चिडली." मालनबाईंनी इस्त्री उभी केली. "तात्या, आता तुमी आसं बघताय जसं मी बिनतिकिटाची हाय."

"तुम्ही नाही," तात्या म्हणाले. "पण गाडीत कुणीतरी आहे."

४

गोरक्षनाथनाना गच्चीवर येरझारा घालत होते. तात्यांनी सरळच विचारलं.

"मी?" नाना थांबले. "तात्या, जरा डोकं लावा. मला ते पिल्लू सगळ्यांच्या देखत टेम्पोत चढायला हवं होतं. ग्रुपवर फोटो टाकणार होतो. 'सामंजस्यानं मार्ग काढला' असं खाली लिहिणार होतो. आता काय टाकू, रिकाम्या पिंजऱ्याचा फोटो?"

हे मात्र पटण्यासारखं होतं. नानांचा सगळा नफा चारचौघांत मिळणारा होता. चोरीत त्यांना काहीच उरत नव्हतं.

"आणि जावयाची जागा?"

नानांनी जिन्याकडं बघून आवाज खाली आणला. "त्याला ही जागा नकोच आहे. त्याला माझा सोफा बरा वाटतो."

खाली रस्त्यावर कुठलातरी टेम्पो वाजला. दोघांनीही कठड्यावरून वाकून पाहिलं. उसाची टिपरी लादलेला होता, पुढं निघून गेला. ऊन कलायला लागलं होतं. तात्या जिना उतरताना एकाच पायरीवर दोनदा थांबले आणि मग बन्सीच्या दारात गेले.

बन्सी उठला होता. पलंगाच्या कडेवर बसून चहा पीत होता. मागं गोधडीचा ढीग. अंगानं उभाआडवा माणूस.

"या तात्या. रेश्मा, तात्यांना चहा."

"कशी झाली झोप?"

"कसली झोप. हंगाम सुरू झाल्यापासून डोळ्याला डोळा न्हाई. त्या पिल्लानं जीव खाल्लाय. मागल्या मीटिंगीत मीच म्हनलो, ते तरी राहील न्हाई तर मी तरी."

तात्या त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. लांबच्या गाडीवर रात्रभर बसलेल्या हजारो माणसांचे डोळे त्यांनी पहाटे तपासले होते. लाल, सुजलेले, कोपऱ्यात चिकटलेले. बन्सीचे डोळे नुकत्याच धुतलेल्या काचेसारखे होते.

रेश्मा चहा घेऊन आली आणि वाट करायला गोधडीला हात घातला. "उठा आता, हे उन्हात टाकते."

"राहू दे!" बन्सी ओरडलाच. मग हळू म्हणाला, "राहू दे गं. परत पडायचंय."

"बघा ना तात्या. रोज स्वतः गोधडी झटकून टाकतात. आज हात लावू देईनात." रेश्मा पदरानं हात पुसत म्हणाली. "आणि तो पोरीचा कुत्रा सापडला नाही तर बरंच. लहानपणी मला कुत्रं चावलंय, पोटात चौदा सुया घेतल्यात. मी तर यांना सांगितलंय, घरात कुत्र्याचा केस दिसला तर मी माहेरी."

बन्सीनं बशीतला चहा एकदम संपवला. त्याचा उजवा गुडघा हलत होता, थांबत नव्हता.

"पोरगी कशी हाय?" त्यानं विचारलं. "माधुरी?"

"रडतीये."

गुडघा थांबला.

"तात्या, त्या मामाचं रान लई लांब हाय का हो?"

तात्यांनी कप खाली ठेवला. त्याच वेळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. या वेळी तो पुढं गेला नाही. दारातच थांबला.

५

मामा सरळ माणूस होता. "पिल्लू कुठंय?" त्यानं जिन्याखालून विचारलं.

"सांगतो," तात्या गॅलरीतून म्हणाले. "सगळ्यांनी जरा बाहेर या. रेश्मा, तू पण. बन्सी, तुझी गाडीची चावी दे."

"गाडीची? कशाला?"

"दे तर."

बन्सी दाराला पाठ लावून उभा राहिला. त्यानं चावी दिली, पण तिथून हलला नाही. तात्यांनी चावी खाली मामाकडं टाकली. "ती लाल गाडी चालू करा. नुसती चालू करा."

"हे काय चाललंय?" नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही म्हणता हिनं लपवलं. मी तुमच्यावर संशय घेतला. सगळे एकच विचारताय, हे पिल्लू कुणाला नको होतं. ज्यांना नको होतं त्यांना काही करायची गरजच नव्हती, टेम्पो येतच होता. आज पिल्लू पळवलं ते ज्याला हवं होतं त्यानं."

माधुरीनं मान वर केली. "तात्या, मी नाही."

"तू नाहीस. तू पिंजरा शिकवलास. त्यानं शिकवणी बिघडवली. पिल्लू आधी शहाणं होतं, मग कुणीतरी रडताना दार उघडायला लागलं. त्या दिवसापासून त्याला कळलं, रडलं की तो येतो. आता एकच सांगतो. जे पिल्लू कोंडलं की गिरणीपर्यंत ऐकू जातं, ते आज दुपारपासून गप्प आहे. म्हणजे ते कुठंही कोंडलेलं नाही. जिथं आहे तिथं खुशीत आहे."

"आपण सगळी घरं बघितली," नाना म्हणाले.

"बघितली. गोधडी सोडून."

सगळ्यांच्या माना बन्सीकडं वळल्या. त्याच क्षणी खाली मामानं किक मारली.

मोटरसायकल एकदा खोकली आणि सुरू झाली. आतल्या खोलीतून, बन्सीच्या पलंगावरून, आधी गोधडीच्या आत काहीतरी थपथपलं. मग तो सूर आला, लांब, चढत जाणारा, गिरणीपर्यंत पोचणारा. मागोमाग गोधडीचं एक टोक जमिनीवर घसरलं आणि काकवी दारात येऊन उभी राहिली. तिनं माधुरीकडं पाहिलं, मोठ्या खुशीत शेपूट हलवलं, आणि जाऊन बन्सीच्या पायावर बसली.

रेश्मा किंचाळून मालनबाईंच्या मागं गेली.

रातपाळीच्या माणसाचं पांघरूण आपण उचललं नाही, याचा राग कुणावर काढावा, हे नानांना कळत नव्हतं.

"पैल्यांदा मी तिला गप करायलाच गेल्तो," बन्सी जमिनीकडं बघत म्हणाला. "खरं सांगतो. खिळ्यावरची चावी घेतली, म्हनलं दोन धपाटे देतो. दार उघडलं तर छातीवर चढली आन् गळ्यापाशी डोकं घालून झोपली. माझा बी डोळा लागला, तात्या. दिवसाची झोप, आन् आईशपत, गाढ. हंगाम सुरू झाल्यापासून मला ती आली नव्हती. मंग रोज. रेश्मा गेली की आनायची, ती यायच्या आत परत ठेवायची. ठेवली की काकवी पुन्हा रडायची. मी भिंतीला कान लावून ऐकायचो."

"आणि मीटिंगमध्ये?" माधुरी म्हणाली. "तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं बोललात दादा."

"रेश्मासमोर काय बोलू? आज सकाळी मालनमावशी जिन्यात म्हनल्या, पिल्लू देवळालीला चाललं. मंग तिला परत पिंजऱ्यात ठेवायला हातच जाईना."

"माझ्यावर जागा सोडायची पाळी आली होती."

बन्सीनं नुसते हात जोडले, आणि तेवढ्यासाठी वाकला तर काकवीनं त्याचा कान चाटला.

"गोधडी ओली हाय," मालनबाई आत डोकावून म्हणाल्या. "लई ओली हाय."

६

रविवारची मीटिंग चर्च सुटल्यावर झाली, आणि लवकरच संपली. नानांनी कायद्याचा मुद्दा काढला. मालनबाईंनी विचारलं, चूक पिल्लाची हाय का बन्सीची, आन् बन्सीची आसंल तर बन्सीला टेम्पोत घालायचा का? मामाचा टेम्पो आदल्या दिवशीच रिकामा परत गेला होता, कारण माधुरीनं ऐन वेळी काकवी उचलून घरात नेली आणि आतून कडी लावली. नानांचं म्हणणं होतं, आवाज थांबल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. त्यात चूक काहीच नव्हती.

"आवाज थांबेल," माधुरी म्हणाली. "पण सगळ्यांनी माझं ऐकायचं. रडताना तिच्या दाराशी कुणीही जायचं नाही. आधी आणखी वाढेल. कारण तिला वाटेल, जरा जास्त ओरडलं की येईल तो. तेवढं सोसलं तर सुटलो. मध्येच एकदा कुणी उघडलं, तर सगळं पहिल्यापासून." हे सगळं ती बोलली सभेला, पण बघत होती एकट्या बन्सीकडं.

रेश्मा माहेरी गेली नाही. तिनं एकच अट घातली, की खिळ्यावरची माधुरीची चावी आजपासून तिच्या कमरेला राहील. पाणी आलं तर टाकी ती भरील. कुत्र्याच्या घरात ती पाय कसा ठेवणार, असं मालनबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "ती जाळीत असते ना. मला जाळीचं चालतं."

मग ते दिवस आले. काकवीनं जे काही जवळ होतं ते सगळं काढलं. गिरणीवाल्यानं कानात कापूस घातला. मालनबाईंचं बायबल आता गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. नानांचा जावई सोफ्यावरून उठला आणि सासऱ्याला न विचारता आपल्या गावी निघून गेला. हा एवढा नफा नानांनी निमूटपणे खिशात घातला आणि त्याबद्दल ग्रुपवर काही टाकलं नाही.

तात्या खाली अस्वस्थ. वरचा आवाज ऐकत ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत आणि फिरताना मोजत, सूर किती लांबला, मध्ये किती दम घेतला. एके सकाळी सूर मध्येच तुटला. त्यांना वाटलं, उघडलं कुणीतरी. ते तसेच वर गेले. माधुरीच्या दाराला कुलूप होतं, चावी रेश्माच्या कमरेला, रेश्मा अंगणवाडीत. आत काकवी एकदा कुंईकुंई करून गप्प झाली होती. आणि झोपली होती. झडतीच्या दिवशी बन्सीच्या गोधडीतून आलेलं तिचं ते बारीक शिट्टीचं घोरणं जिन्यातूनच ऐकू येत होतं.

हंगाम अजून महिनाभर चालायचा होता. माधुरीला तिची काकवी राहिली आणि जागाही राहिली. मालनबाईंचा आवाज खाली आला. नानांना सोफा परत मिळाला. रेश्मा एकदा जाळीतून भाकरीचा तुकडा आत टाकून आली आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण मालनबाईंनी पाहिलं. गिरणीवाल्यानं कापूस काढला.

या सगळ्याची किंमत एकाच माणसानं भरली. रातपाळी करून आलेला बन्सी सकाळी पलंगावर पडे, कूस बदले, छातीवर उशी ठेवून बघे आणि काढून टाके. वस्ती नेहमीसारखी गप्प असे, कुकर, पोरं, भंगारवाला, सगळे त्याच्या झोपेसाठी थांबलेले. भिंतीपलीकडं पिल्लू गाढ झोपलेलं. आणि बन्सी उघड्या डोळ्यांनी भिंतीला कान लावून पडलेला, ती एकदा तरी रडते का ते ऐकत.